विहिरीतील भिंत आणि समुद्राचा तळ



आजच्या विषयाची पाटी वाचून आपणांपैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. समुद्र आपल्यापासून किती दूर! आपली पांझरा वैशाखात वाळूची होते, आणि तापीमाई सुरतेजवळ समुद्राला मिळते खरी, पण तिच्या काठी राहणाऱ्या आपल्यांतील किती जणांनी तो संगम पाहिला असेल? बरे, वक्ता तरी समुद्रशास्त्राचा पंडित असावा, तर तेही नाही. सातवीनंतर शाळा सोडलेला, बाजार समितीतील हमाल, खडीच्या क्रशरवरील मजूर आणि विहिरी खोदणारे गडी ह्यांच्यात तीस वर्षे वावरलेला हा माणूस समुद्राच्या तळाविषयी काय सांगणार, असा प्रश्न कोणी विचारला तर तो रास्तच आहे. त्याचे उत्तर म्हणून मी प्रथम एका विहिरीची गोष्ट सांगतो. समुद्राच्या तळाशी मी त्या विहिरीतून उतरलो.

गोष्ट १९९६ सालची. धुळे तालुक्यातील एका गावी एका ठेकेदाराने विहिरीचे काम उक्ते घेतले होते. कामावर बारा माणसे; त्यांत पाट्या वाहणाऱ्या चार बाया. मुरमाला एक दर आणि कातळाला दुसरा, असा करार होता, आणि तो सारा तोंडी. पंचवीस-तीस फुटांपर्यंत मुरूम आणि मऊ मांजऱ्या लागला, काम झपाट्याने झाले. नंतर मात्र विहिरीच्या एका अंगाला पहार बसेना. घण मारला की तो हाताला झिणझिण्या आणून परत येई. चार दिवसांत वीतभर दगड निघाला नाही. ठेकेदाराचे म्हणणे असे की, विहिरीच्या दोन्ही बाजूंना दगड तोच आहे, गडीच अंगचोरी करतात. त्याने तीन आठवड्यांचा पगार अडवून धरला. तेव्हा त्या माणसांनी मला बोलावले.

त्या टोळीचे म्होरके साठीच्या घरातील एक गृहस्थ होते. त्यांना सारे जण जिभाऊ म्हणत, मीही म्हणे. त्यांना अक्षरओळख नव्हती. मी विहिरीत उतरलो तेव्हा त्यांनी पहारीच्या टोकाने तो दगड वाजवून दाखविला आणि ते म्हणाले, "हाई एकच भित शे, भाऊ." मी विचारले, कसली भिंत? तेव्हा त्यांनी सांगितले की तरुणपणी साक्रीकडे विहीर खोदताना हीच भिंत लागली होती, पुढे पारोळ्याच्या बाजूला लागली ती हीच, आणि आज इथे लागली तीही हीच. तिचा आवाज निराळा, ती फुटते निराळी, आणि ती उभी जाते; तिला तळ नाही. साक्री कुठे, पारोळे कुठे! मी मनात म्हटले, म्हातारा थकला आहे.

पगाराचा तंटा सोडविण्यासाठी एका महाविद्यालयातील भूशास्त्राच्या अध्यापकांना मी हातापाया पडून घेऊन आलो. ते भले गृहस्थ दोराला धरून खाली उतरले. त्यांनी भिंग लावून दगड पाहिला, भिंतीची दिशा मोजली आणि वर येऊन सांगितले की जिभाऊंचे बरोबर आहे. सभोवतालचा दगड हा लाव्हारसाचा आडवा थर आहे. हा कठीण दगड मात्र त्या थरांना चिरून खालून वर आलेल्या रसाचा आहे. जमिनीला उभी भेग पडली, तिच्यात रस शिरला आणि तेथेच गोठला. भूशास्त्रात ह्याला भित्ती म्हणतात, इंग्रजीत डाइक. त्यांच्या लेखी मतावर कातळाचा दर मान्य झाला आणि बारा माणसांचा हिशेब चुकता झाला.

निघताना ते मला सहज म्हणाले, "अशा भिंती आपल्या जिल्ह्यात पुष्कळ आहेत. पण खरे पाहाल तर समुद्राचा सगळा तळच अशा भिंतींनी बनलेला आहे." ते वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही. मी गरुड वाचनालयात जाऊन विश्वकोशाचे खंड काढून बसू लागलो. तो विश्वकोश ज्यांच्या संपादकत्वाखाली निघाला ते तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी आपल्या साक्री तालुक्यातील पिंपळनेरचे. साक्रीच्या भिंतीविषयीचे माझे शंकासमाधान साक्रीच्याच माणसाच्या कष्टांतून व्हावे, ह्याचा मला मोठा आनंद वाटला. तेव्हापासून जे वाचले, विचारले आणि समजून घेतले, त्यातील चार गोष्टी आज आपणांपुढे ठेवतो.

पहिला प्रश्न असा की, जो तळ कोणी पाहिला नाही त्याची खोली मोजावयाची कशी? आपण लहानपणी विहिरीत खडा टाकून कान देत असू. खडा टाकल्यापासून 'डुबुक्' असा आवाज येईपर्यंत किती वेळ लागतो, त्यावरून पाणी किती खोल हे ठरे. जुने खलाशी ह्याहून फार पुढे गेलेले नव्हते. दोराला शिशाचे वजन बांधून ते समुद्रात सोडीत. १८७२ ते १८७६ ह्या काळात इंग्रजांचे 'चॅलेंजर' जहाज जगभर फिरले. त्याने खोल समुद्रात अशी मोजणी केली ती जेमतेम पाचशे ठिकाणी. एवढ्या मोठ्या महासागरांत पाचशे ठिपके! त्यावरून तळ सपाट आणि गाळाने भरलेला असावा अशी समजूत होऊन बसली, तर त्यात आश्चर्य नाही.

विसाव्या शतकात दोराची जागा आवाजाने घेतली. जहाजाच्या तळाशी आवाज सोडावयाचा, तो समुद्राच्या तळावर आपटून परत आला की लागलेला वेळ मोजावयाचा. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो. साडेतीन हजार मीटर खोलीवरून प्रतिध्वनी परत यावयास पावणेपाच सेकंदांच्या आसपास वेळ लागतो. जहाज चालत राहते, यंत्र कागदावर रेघ ओढीत राहते, आणि त्या रेघेत डोंगर आणि दऱ्या उमटतात. हा एक प्रकारे आपलाच विहिरीतला खडा होय. फक्त टाकणारा हात मोठा आहे.

ह्या रेघा जोडून नकाशा करण्याचे काम अमेरिकेत मेरी थार्प ह्या बाईंनी केले. तेव्हा संशोधन-जहाजांवर बायकांना प्रवेश नसे. त्यांचे सहकारी ब्रूस हीझेन समुद्रावर जाऊन मोजण्या आणीत आणि थार्पबाई किनाऱ्यावर टेबलाशी बसून त्या मांडीत. १९५२-५३ च्या सुमारास त्यांच्या ध्यानात आले की, अटलांटिकच्या मधोमध जी पर्वतरांग आहे तिच्या माथ्यावर सर्वत्र एक खोल चर आहे. जणू पर्वताला वरून भेग पडली आहे. त्यांनी हे सांगितले तेव्हा हीझेन यांनी ते बायकी बोलणे म्हणून उडवून लावले. पुढे काय झाले? शेजारच्या टेबलाशी हॉवर्ड फॉस्टर नावाचे एक कर्णबधिर नकाशाकार समुद्रातील भूकंपांच्या जागा नकाशावर टिंबांनी मांडीत होते. त्यांची टिंबे थार्पबाईंच्या नकाशाशी ताडून पाहिली, तर भूकंपांची माळ नेमकी त्या चरावरूनच गेलेली! ज्या बाईला जहाजावर पाय ठेवू देत नव्हते तिने, आणि ज्याला ऐकू येत नव्हते त्या माणसाने, अशा दोघांनी मिळून पृथ्वीची भेग दाखविली. अशा पर्वतरांगा एकमेकींना जोडून जगभर सुमारे ६५,००० किलोमीटर पसरल्या आहेत हे आज आपणांस ठाऊक आहे.

ह्या रांगेची एक शाखा आपल्या अरबी समुद्रात आहे. तिचे नाव कार्ल्सबर्ग रांग. १९२८ ते १९३० ह्या काळात 'डाना' नावाचे डॅनिश जहाज जगप्रवासाला निघाले होते. त्याला कार्ल्सबर्ग प्रतिष्ठानाने पैसा पुरविला होता. हे प्रतिष्ठान बियर गाळणाऱ्या कारखान्याच्या मालकाने स्थापिलेले. म्हणून आपल्या समुद्रातील पर्वताला एका बियरचे नाव मिळाले. आमचे क्रशरवरचे सोबती हे ऐकून फार खूश होतात. पुढे १९३३-३४ मध्ये 'मबाहिस' ह्या इजिप्शियन जहाजावरून जॉन मरे मोहीम ह्या भागात आली. तिचे प्रमुख सीमोर स्यूएल हे भारताच्या प्राणिसर्वेक्षण खात्याचे माजी संचालक होते. ह्या रांगेच्या अंगातही दरी आहे, हे त्या मोहिमेच्या नोंदींत तेव्हाच दिसले होते.

आता आपण ह्या विषयाच्या गाभ्याशी येतो. तो गाभा म्हणजे चुंबकत्व. त्या अध्यापकांनी विहिरीतून काढलेल्या दगडाजवळ होकायंत्र नेले तेव्हा सुई किंचित हलली होती. आपल्या काळ्या दगडात मॅग्नेटाइट नावाच्या लोहखनिजाचे बारीक कण असतात. रस तापलेला असतो तोवर ह्या कणांना स्वतःची दिशा नसते. तो निवत निवत मॅग्नेटाइटच्या ठरलेल्या मर्यादेखाली, म्हणजे ५८० अंश सेल्सिअसच्या खाली आला, की त्या वेळी पृथ्वीचे चुंबकत्व ज्या दिशेला असेल ती दिशा दगडात कायमची कोरली जाते. दगड ही एक गोठलेली होकायंत्राची सुईच होय.

आपला दगड चुंबकी आहे ह्याचा अनुभव मुंबईच्या लोकांना शंभर वर्षांपूर्वी आला होता. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चाले. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरल्यावर त्या विजेने नाजूक यंत्रे बिघडतील हे उघड झाले. तेव्हा वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस ह्यांनी हे काम अलिबागला हलविले. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकदम मोजणी करून त्यांनी जुनी व नवी मापे जुळवून घेतली. अलिबागच्या इमारतीसाठी जवळचा काळा दगड न घेता चुंबकत्व नसलेला पोरबंदरी दगड आणविला, कारण भिंतीच जर सुईला ओढू लागल्या तर मोजावयाचे काय? ती वेधशाळा आजही चालू आहे. एवढ्या दीर्घ काळाच्या सलग नोंदी जगात फार थोड्या ठिकाणी आहेत.

पृथ्वीच्या चुंबकत्वाचा एक विलक्षण गुण आहे. मधूनमधून ते उलटते. उत्तरेकडे वळणारी सुई दक्षिणेकडे वळेल अशी त्याची स्थिती होते. फ्रान्समधील ब्रुन आणि जपानमधील मातुयामा ह्यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांतच असे उलटे दगड दाखविले होते. शेवटची उलटापालट सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वी झाली.

१९६२ साली 'ओवेन' ह्या ब्रिटिश जहाजाने आपल्याच कार्ल्सबर्ग रांगेच्या एका लहानशा तुकड्यावर चुंबकत्वाची बारकाईने मोजणी केली. त्या वेळी आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम चालू होती. अनेक देशांची मिळून चाळीसहून अधिक जहाजे तीत होती. आपल्या नौदलाचे 'किस्त्ना'ही होते. 'ओवेन'वरील मोजणी केंब्रिजच्या ड्रमंड मॅथ्यूज ह्यांनी केली आणि ती त्यांचा तरुण विद्यार्थी फ्रेड व्हाइन ह्याच्या हाती दिली. रांगेच्या तळाचे काही दगड सरळ आणि काही उलटे चुंबकी आहेत असे त्याला दिसले. सप्टेंबर १९६३ मध्ये दोघांनी मिळून जो लेख प्रसिद्ध केला त्याचा आशय असा: रांगेच्या मधल्या भेगेतून रस वर येतो, गोठतो, त्या काळचे चुंबकत्व धारण करतो आणि मग दोन अर्धे होऊन दोन बाजूंना सरकतो. त्याच्या जागी नवा रस येतो. म्हणून भेगेच्या दोन्ही अंगांना सरळ-उलट्या पट्ट्यांची सारखी ओळ दिसली पाहिजे.

हेच अनुमान कॅनडातील लॉरेन्स मॉर्ली ह्यांनी त्याच वर्षी स्वतंत्रपणे लिहून दोन नियतकालिकांकडे पाठविले होते. दोन्हींकडून ते साभार परत आले. पुढे त्यांचे नाव आदराने घेतले गेले, पण लेख परत आलेल्या दिवशी त्यांना काय वाटले असेल ते, ज्याचा खरा अर्ज फेटाळला गेला आहे असा कोणताही कामगार सांगू शकेल.

हा पट्ट्यांचा प्रकार मी आमच्या सभांत हजेरीपटाच्या दाखल्याने सांगतो. कारखान्याच्या फाटकाशी दोन कारकून बसले आहेत अशी कल्पना करा, एक मालकाचा आणि एक युनियनचा. दोघे एकमेकांच्या वहीत डोकावत नाहीत. फाटकातून जे जाते ते प्रत्येक जण आपापल्या वहीत टिपतो. वर्षाअखेरीस दोन्ही वह्या अक्षराला अक्षर जुळल्या, तर मग कोर्टातसुद्धा वाद राहत नाही. समुद्राच्या भेगेच्या पूर्वेचा तळ ही एक वही आणि पश्चिमेचा तळ ही दुसरी. १९६६ साली पॅसिफिक महासागरातील 'एल्टानिन' जहाजाच्या नोंदींत त्या दोन वह्या इतक्या तंतोतंत जुळल्या की शंकेखोरांची तोंडे बंद झाली. त्यानंतर १९६८ पासून 'ग्लोमार चॅलेंजर' जहाजाने तळाला भोके पाडून पाहिले, तेव्हा भेगेपासून जितके दूर जावे तितका तळ जुना, हे प्रत्यक्ष हाती आले.

आता त्या अध्यापकांच्या वाक्याकडे वळू. भेगेत रस येतो म्हणजे काय होते? उभी भिंत तयार होते. पुढच्या खेपेस ती भिंतच मधोमध चिरते आणि तिच्या पोटात दुसरी भिंत उभी राहते. असे लाखो वेळा झाले की भिंतीला भिंत लागून सारा तळ तयार होतो. वर लाव्हाच्या उशांसारख्या गोळ्यांचा थर, त्याखाली ह्या खेटून उभ्या भिंती आणि त्याखाली सावकाश निवालेला जाड दाण्यांचा दगड, अशी समुद्राच्या कवचाची रचना आहे. सारे मिळून त्याची जाडी सहा-सात किलोमीटर. जमिनीचे कवच मात्र पस्तीस-चाळीस किलोमीटर असते. कार्ल्सबर्ग रांगेशी तळ वर्षाला सुमारे अडीच ते तीन सेंटिमीटर रुंदावतो. माझ्या पंचावन्न वर्षांच्या आयुष्यात तो दीड मीटरभर रुंदावला असेल. म्हणजे जिभाऊंच्या हातातील पहार जेवढी लांब, तेवढा.

खानदेशात काय झाले? सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी येथे लाव्हाचे पूर लोटले. त्यांचे थर आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरांवर पसरलेले आहेत. त्या काळात आपल्या भागातील जमीन उत्तर-दक्षिण ताणली गेली, म्हणून पूर्व-पश्चिम भेगा पडल्या आणि त्यांत रस शिरला. २००७ साली रे, शेठ आणि मल्लिक ह्या तीन संशोधकांनी धुळे-नंदुरबार भागातील २१० भित्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला. जाडी ३ मीटरांपासून ६२ मीटरांपर्यंत. आणि त्यातील सर्वांत लांब भिंत ७९ किलोमीटरांची. ती कोठून कोठे जाते? साक्रीपासून धुळ्यावरून पारोळ्यापर्यंत!

हे मी वाचले तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. जिभाऊ २००१ सालीच वारले होते. त्यांची विहिरीतील भिंत हीच की तिच्या शेजारची, हा प्रश्न गौण आहे. एक भिंत तीन तालुक्यांतून सलग जाऊ शकते, असे त्या निरक्षर माणसाने केवळ पहारीच्या आवाजावरून ताडले होते आणि ते खरे होते. मी मात्र त्यांना थकलेला म्हातारा समजलो होतो. थार्पबाईंचे म्हणणे उडवून लावणाऱ्या हीझेनसाहेबांवर हसण्याचा मला अधिकार नाही.

खानदेशात जमीन ताणली गेली, पण फाटली नाही. भिंती उभ्या राहून काम थांबले. पश्चिमेला मात्र ती फाटली. सुमारे ६ कोटी ३० लाख वर्षांपूर्वी सेशेल्सची बेटे भारतापासून सुटली आणि मधे आजचा अरबी समुद्र रुंदावू लागला. १९५६ साली लंडनच्या क्लेग, डॉइश आणि ग्रिफिथ्स ह्यांनी दख्खनच्या दगडांतील चुंबकत्व मोजून दाखविले होते की, हा दगड गोठला तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेस होता. आज आपण २१ अंश उत्तरेस बसलो आहोत. तेव्हा हीच भूमी सुमारे तीस अंश दक्षिणेस होती. त्या काळी ती वर्षाला पंधरा सेंटिमीटरांच्या आसपास किंवा त्याहूनही वेगाने उत्तरेकडे येत होती. शिवाय दख्खनच्या लाव्हाचा फार मोठा भाग चुंबकत्व उलटलेल्या एका कालखंडात गोठलेला आहे, आणि त्याच कालखंडाचा उलटा पट्टा जगातील इतर महासागरांच्या तळावरही सापडतो. म्हणजे आपल्या घाटातला दगड आणि समुद्राचा तळ ह्या एकाच पेढीच्या दोन वह्या आहेत.

ज्या चुलीवर हा रस तापला ती चूल आज कोठे आहे? पुष्कळ शास्त्रज्ञांचे मत असे की, ती हिंदी महासागरातील रियुनियन बेटाखाली आहे, जेथील ज्वालामुखी आजही जागा असतो. चूल जागच्या जागी राहिली, वरची भूमी सरकत गेली, आणि लक्षद्वीप, मालदीव, छागोस, मॉरिशस अशी डागांची ओळ मागे राहिली. १९८७ साली ह्या ओळीवर खोदकाम झाले तेव्हा दक्षिणेकडे जावे तसा दगड तरुण होत जातो असे दिसले. तरी हे मत सर्वांना मान्य नाही. आपल्या भित्तींचा नकाशा करणाऱ्यांपैकीच हेतू शेठ ह्यांनी ह्या चुलीच्या कल्पनेवर आक्षेप घेतले आहेत. शास्त्रात असा वाद चालतो, ही शास्त्राची अब्रू आहे.

२०१५ च्या वसंतात 'जॉइडेस रेझोल्यूशन' ह्या जहाजाने मुंबईच्या पश्चिमेस, लक्ष्मी खोरे म्हणतात त्या भागात, साडेतीन हजार मीटर पाण्याखाली छिद्रे पाडली. गोव्याच्या ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राचे धनंजय पांडे आणि पीटर क्लिफ्ट हे त्या मोहिमेचे प्रमुख होते. हजार मीटरांहून अधिक गाळ भेदून एका ठिकाणी खाली काळा दगड लागला. वरच्या गाळात मुख्यत्वे सिंधू नदीने आणलेली माती होती, पण आपल्या दख्खनच्या दगडाच्या मातीचेही अंश होते. त्याच खोऱ्यात पाण्याखाली बुडालेल्या डोंगरांना रामन, पणिक्कर आणि वाडिया अशी आपल्या शास्त्रज्ञांची नावे दिलेली आहेत. बियरच्या जोडीला हीही नावे आहेत, हे बरे झाले!

आता शेवटची गोष्ट, आणि माझ्या दृष्टीने ती सर्वांत निकडीची. त्या आंतरराष्ट्रीय मोहिमेतून १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. ती आज गोव्यात दोना पावल येथे आहे. तिला पहिले मोठे जहाज मिळाले ते 'गवेषणी'. गाळ वाहून नेणाऱ्या एका जहाजात फेरबदल करून कलकत्त्याच्या गार्डन रीच गोदीतील कामगारांनी ते उभे केले. त्याच 'गवेषणी'ने २६ जानेवारी १९८१ रोजी हिंदी महासागराच्या तळावरून बटाट्याएवढे काळे गोटे वर आणले. त्यांत मँगॅनीज, निकेल, तांबे आणि कोबाल्ट असतात. असा गोटा दहा लाख वर्षांत काही मिलिमीटरच वाढतो. आज भारताकडे मध्य हिंदी महासागरात ७५,००० चौरस किलोमीटर क्षेत्र ह्या गोट्यांच्या शोधासाठी आहे, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये कार्ल्सबर्ग रांगेवर गंधकयुक्त धातुखनिजांचा शोध घेण्याचाही करार झाला.

१९८२ च्या सागरी कायद्याप्रमाणे राष्ट्रांच्या हद्दीबाहेरील समुद्राचा तळ ही साऱ्या मानवजातीची सामाईक मालमत्ता आहे. शब्द फार सुंदर आहेत. पण गावच्या गायरानाचे काय होते ते आपण पाहिले आहे. तेही सामाईकच असते. शोध हा शोध आहे, खाण ही खाण आहे. ज्या तळाला तयार व्हावयास कोट्यवधी वर्षे लागली, जेथील गोटा उचलला तर त्याच्या जागी दुसरा यावयास माणसाचा इतिहास पुरणार नाही, तेथे यंत्रे कोणी उतरवावीत, किती, कोणाच्या देखरेखीखाली, आणि नफा कोणाचा, हे ठरविताना फक्त कंपन्या आणि सरकारे बोलणार की धुळ्या-जळगावचा नागरिकही बोलणार? मी खाणीच्या विरुद्ध नाही. माझे सोबती दगड फोडूनच पोट भरतात. परंतु तोंडी करारावर विहीर खोदली की काय होते, ते मी तीस फूट खोल उतरून पाहिले आहे. नियम आधी लिहिले गेले पाहिजेत, आणि पहार त्यानंतर लागली पाहिजे.

आणि हे ज्ञान दूरच्या समुद्रापुरते आहे असेही समजू नका. जमिनीखालून वाहणारे पाणी ह्या भिंतींना अडते. भिंतीच्या चढाकडच्या अंगाला विहीर असली तर तिला पाणी टिकते, उताराकडच्या अंगाला ती कोरडी राहू शकते. भावाभावांत वाटणी होते, एकाची विहीर भरते आणि दुसऱ्याची आटते, आणि मग नशिबाला नाहीतर शेजाऱ्याला बोल लावला जातो. दोष दोघांचाही नसतो. मधे ६ कोटी वर्षांची भिंत उभी असते. ज्या गावांखालून ह्या भित्ती जातात त्या प्रत्येक गावाच्या ग्रामपंचायतीत त्यांचा नकाशा लावलेला असावा, अशी माझी मागणी आहे. विहिरी खोदणाऱ्या वडीलधाऱ्यांना विचारून तो पुरा करावा, कारण पुस्तकात नसलेल्या कित्येक भिंती त्यांच्या हातांना ठाऊक आहेत.

उद्या सकाळी साक्री रस्त्याने जाल तर खडीसाठी फोडलेल्या एखाद्या टेकाडाजवळ क्षणभर थांबा. कोठे कोठे दगडाचे खांब आडवे रचलेले दिसतील, जणू कोणी पावसाळ्यासाठी सरपण रचून ठेवले आहे. लाव्हाच्या आडव्या थरात खांब उभे असतात, भिंतीत ते आडवे असतात, कारण भिंत दोन्ही बाजूंनी निवत आलेली असते. अशा भिंतींनीच समुद्राचा तळ बनलेला आहे. तो पाहावयास जहाज लागते; ही पाहावयास एस.टी.चे तिकीट पुरते.

 हे व्याख्यान मी जिभाऊंच्या स्मृतीस अर्पण करतो, आणि त्या दिवशी विहिरीत त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही, ह्याबद्दल आपणां सर्वांसमक्ष त्यांची क्षमा मागून आपली रजा घेतो.